कोबा, पायरी, छज्जा: घरच्याघरी काय होतं, काय नाही

अंगणातल्या कोब्याला भेगा आहेत, दोनदा सिमेंट भरलं पण पावसाळा झाला की परत निघतं. काय करू?

भेगेत धूळ-शेवाळ तसंच ठेवून वरून सिमेंटचं पाणी ओतलं की ते धुळीलाच चिकटतं आणि तिच्यासकट सुटतं. छन्नीने भेग साधारण 10 मिमी रुंद आणि तेवढीच खोल करा, वायर ब्रश मारा. आता भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलची खूण करून पहाटे आणि भर दुपारी अंतर मोजा. अंतर बदलत असेल तर ती भेग उन्हाने हलतेय, तिथे सिमेंट टिकणारच नाही, जागा पूर्ण कोरडी करून पॉलीयुरेथेन सीलंट (रबरासारखं ताणलं जाणारं भरण) भरा.

पायरीची कड तुटलीय. मिस्त्री एवढ्याशा कामाला येत नाही.

अहो, हे तुम्हीच करा, होतं! ठिसूळ भाग सगळा काढा, टाचे मारून खरबरीत करा, स्वच्छ धुवा आणि रात्रभर ओलं ठेवा. सकाळी जागा ओलसर हवी पण वर पाणी साचलेलं नको. समोरून फळी टेकवून घट्ट करा. मग एसबीआर लेटेक्स (मसाला जुन्या कामाला धरून ठेवणारं दुधासारखं केमिकल) आणि सिमेंटची स्लरी, म्हणजे पातळ घोळ, ब्रशने लावा आणि ती ओली असतानाच एकास तीन मसाला (एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू) थापीने दाबून भरा, स्लरी वाळली तर खरवडून परत लावायची, कारण वाळलेल्या स्लरीवर मसाला धरतच नाही उलट सुटतो. फळी दुसऱ्या दिवशी अलगद काढा. आणि पाणी मारणं चुकवू नका प्लीज, गोणपाट टाकून सात दिवस, सिमेंटच्या गोणीवर पीपीसी (पोझोलाना मिसळलेलं सिमेंट) लिहिलं असेल तर दहा. लोक भारीतलं केमिकल आणतात आणि इथे आळस करतात, मग कड परत तुटते.

कोबा झाडला की रोज सिमेंटची पूड निघते.

मसाल्यात पाणी जास्त झालं किंवा पाणी मारलंच नाही. वरून सिमेंटचा पातळ हात देऊ नका, पापुद्रे निघतील. सिलिकेटचं हार्डनर (पृष्ठभाग कडक करणारं द्रव) मारा.

छज्ज्याच्या खालून पोपडे पडतायत, सळई दिसते. प्लास्टर करू का?

नाही. सळई गंजली की फुगते, कित्येक पट जागा घेते आणि काँक्रीट ढकलून पाडते, त्यावर प्लास्टर केलं की गंज आत चालूच राहतो, फक्त दिसायचा बंद होतो. हे घरी करायचं काम नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा आणि तोवर त्याखाली ना गाडी लावा ना मुलांना खेळू द्या.