वरच्या रॉडखाली भाजताना

ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिलर, म्हणजे विजेची छोटी भट्टी) नवीन घेतलाय म्हणालात, म्हणून आधीच सांगते. ग्रिल म्हणजे बेकिंग नव्हे. फक्त वरचा रॉड लालभडक तापतो आणि पदार्थ थेट आचेनं भाजतो. पनीर टिक्का आत सरकवून गप्पा मारत बसलात तर दोन मिनिटांत कोळसा.

जाळी रॉडपासून तीन-चार इंच खाली ठेवा, खाली ट्रे हवाच. तेल मात्र हलक्या हातानं, ब्रशनं लावा. मसाल्यातून तेल निथळत असेल तर ते ट्रेमध्ये साचतं आणि तिथंच भडका उडतो. तसं झालं तर दार उघडू नका! बटण बंद करा, भिंतीवरचा स्विच बंद करा आणि थांबा. पाणी तर मुळीच नाही.

बटर पेपर ग्रिलखाली नको. माझ्या पेपरचं टोक वर वळलं होतं, रॉडला टेकलं आणि पेटलं. काचेचं भांडंही नको, तडकतं.

बुधवारी गोदाकाठच्या बाजारातून भरताची वांगी आणता ना? त्यांना सुरीनं चार-पाच ठिकाणी टोचा, नाहीतर वाफ कोंडून वांगं आत फुटतं आणि पुढचा तास ओव्हन खरवडण्यात जातो. (चव मात्र गॅसवरच्या भरताचीच खरी.)

चिकन वरून करपलं तरी आत कच्चं राहू शकतं. जाड भागात थर्मामीटर खुपसा, 74 अंश सेल्सिअस दिसले पाहिजेत. आणि प्लग एक्स्टेंशन बोर्डात नको, थेट 16 अँपिअरच्या सॉकेटमध्ये लावा.