अपाचे सुरू होत नाही? आधी पोर्ट कोणी धरलंय ते पाहा

पुन्हा इन्स्टॉल करू नका. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल, पण ‘झॅम्प काढून टाक आणि नव्याने टाक’ हा मित्राचा सल्ला आज तरी ऐकू नका. झॅम्प म्हणजे अपाचे हा वेब सर्व्हर, मायएसक्यूएल हा डेटाबेस आणि पीएचपी एकत्र देणारं पॅकेज, आणि तुमची वसतिगृहाच्या प्रोजेक्टची सगळी टेबलं झॅम्पच्याच पोटात आहेत: सी ड्राइव्हवर झॅम्प, त्यात मायएसक्यूएल, त्यात डेटा. झॅम्प काढताना एचटीडॉक्सचं फोल्डर ठेवायचं का, असं विचारलं जातं, त्यामुळे पीएचपीच्या फाइली बहुधा वाचतात. डेटाबेस घालवून बसलेले विद्यार्थी मात्र मी बरेच पाहिलेत, आणि तेही नेमके सबमिशनच्या आठवड्यात.

तुमची अडचण मला समजली ती अशी. काल रात्रीपर्यंत सगळं ठीक चालत होतं. आज लॅपटॉप रीस्टार्ट केल्यावर ‘स्टार्ट’ दाबलं की अपाचे क्षणभर सुरू झाल्यासारखं वाटतं आणि खाली लाल अक्षरांत ‘अपाचे शटडाउन अनएक्स्पेक्टेडली’ येतं. मायएसक्यूएल हिरवं होतं. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट (म्हणजे आपल्याच मशीनचा पत्ता) उघडलं तर एक निळं पान दिसतं. कुणाच्या सांगण्यावरून पोर्ट ८० चं ८०८० केलं, अँटिव्हायरसही बंद करून पाहिला, फरक नाही. आणि शेवटी जाता जाता लिहिलंय की परवा डॉट नेटच्या प्रॅक्टिकलसाठी सरांनी विंडोज फीचर्समधून आयआयएस चालू करायला सांगितलं होतं, आणि डीबीएमएस विषयासाठी टाकलेलं जुनं ओरॅकल एक्सप्रेस हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर अजून लॅपटॉपवर आहे.

तुमचं उत्तर या जाता जाता लिहिलेल्या ओळीतच आहे.

आधी ती लाल अक्षरं. पोर्ट अडकलं, एखादी डीएलएल (प्रोग्रॅमला लागणारी मदतीची फाइल) नाही, परवानगी नाही, क्रॅश झालं, अशी चार-पाच कारणं ती एका दमात सांगतात. तो संदेश अपाचेचा नाही, कंट्रोल पॅनेलचा आहे. अपाचे सुरू होऊन लगेच बंद पडलं, एवढंच पॅनेलला कळतं. का पडलं ते कळत नाही. म्हणून कारण काहीही असो, तेच वाक्य येतं. ते वाक्य शोधून जे उपाय सापडतात ते दहा वेगवेगळ्या आजारांचे असतात, आणि सगळेच्या सगळे करून पाहिले की मूळचा एक बिघाड राहतो आणि वर तीन नवे होतात. तुमच्या बाबतीत ८०८० हा असाच एक उपाय आहे.

आता निळं पान. पोर्ट म्हणजे एसटीतली सीट समजा. खिडकीतून रुमाल टाकून ज्याने धरली त्याची. एका पत्त्यावरच्या एका पोर्टवर एकच प्रोग्रॅम ऐकत बसतो, दुसरा आला की विंडोज त्याला परत पाठवते. ८० वर कुणीच नसतं तर ब्राउझरने ‘कनेक्ट होता येत नाही’ असं सांगितलं असतं. तुम्हाला पान दिसतंय, म्हणजे सीटवर कुणीतरी बसलेलं आहे. आणि ते निळं पान आयआयएसचं स्वागताचं पान आहे. विंडोजचा स्वतःचा वेब सर्व्हर, जो तुम्ही परवा चालू केलात.

मग काल कसं चालत होतं? माझा अंदाज असा, की परवा आयआयएस चालू केलं तेव्हा अपाचे आधीच ८० धरून बसलेलं होतं. त्यानंतर तुम्ही लॅपटॉप बंद न करता नुसता मिटून ठेवत होतात. आज रीस्टार्ट झाला. आयआयएसची सर्व्हिस विंडोजबरोबरच आपोआप उठते, आणि तुम्ही ‘स्टार्ट’ दाबेपर्यंत तिने सीट धरलेली असते. ‘काल चालत होतं’ असं कुणी म्हणालं की मी पहिला प्रश्न हाच विचारतो: मधे मशीन रीस्टार्ट झालं का?

अंदाजावर थांबू नका, बघून खात्री करा. झॅम्पच्या पॅनेलमध्ये उजवीकडे ‘नेटस्टॅट’ नावाचं बटण आहे. बहुतेकांनी ते कधी दाबलेलंच नसतं, आणि माझ्या मते त्या पॅनेलमधलं सगळ्यात कामाचं बटण तेच आहे. दाबलं की कोणत्या पोर्टवर कोणता प्रोग्रॅम बसलाय याची यादी येते. त्यात ८० समोर ‘सिस्टिम’ आणि पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) ४ दिसेल. हे पाहून घाबरू नका, व्हायरस नाही. आयआयएस स्वतः पोर्ट धरत नाही. त्याच्या वतीने विंडोजच्या गाभ्यातला एचटीटीपी डॉट सिस नावाचा ड्रायव्हर धरतो, म्हणून नाव सिस्टिमचं दिसतं. टास्क मॅनेजरमधून ते बंद करायच्या फंदात पडू नका.

त्याच यादीत ८०८० पाहा. तिथे बहुतेक ‘टीएनएसएलएसएनआर’ दिसेल. हा ओरॅकलचा लिसनर, म्हणजे पोर्टवर ऐकत बसणारा त्याचा प्रोग्रॅम. ओरॅकल एक्सप्रेसच्या जुन्या आवृत्त्यांचं वेबपान ८०८० वरच असतं. म्हणजे तुम्ही एका भरलेल्या सीटवरून उठून दुसऱ्या भरलेल्या सीटवर बसायला गेलात. ८०८० हा आकडा सगळेच सुचवतात, म्हणून तो फार वेळा भरलेला असतो. टॉमकॅट हा जावाचा वेब सर्व्हरही तिथेच बसतो, आणि झॅम्पबरोबर येणारं टॉमकॅटसुद्धा.

आता उपाय. लॅपटॉप तुमचा स्वतःचा आहे, डॉट नेटचं प्रॅक्टिकल झालंय, तर ८० नंबर मोकळा करा आणि अपाचेला त्याच्या जागी परत बसवा. पोर्ट बदलण्यापेक्षा मला हे बरं वाटतं, कारण तुमच्या कोडमध्ये ठिकठिकाणी ‘लोकलहोस्ट’ असं पोर्टशिवाय लिहिलेलं असणार. पोर्ट बदललं की लॉगिन पान उघडेल, पण लॉगिननंतर जिथे जायचं ती लिंक तुटेल, आणि हे कळेल एक्स्टर्नल परीक्षकांसमोर.

स्टार्ट मेनूत ‘सर्व्हिसेस’ शोधून उघडा. यादीत ‘वर्ल्ड वाइड वेब पब्लिशिंग सर्व्हिस’ सापडेल, तीच आयआयएसची सर्व्हिस. तिच्यावर राइट क्लिक करून स्टॉप करा, मग प्रॉपर्टीजमध्ये स्टार्टअप टाइप ‘ऑटोमॅटिक’ऐवजी ‘मॅन्युअल’ करा, नाहीतर पुढच्या रीस्टार्टला हेच पुन्हा होईल. मग अपाचेसमोरच्या ‘कॉन्फिग’ बटणातून एचटीटीपीडी डॉट कॉन्फ उघडून तुम्ही बदललेल्या दोन्ही ओळी, ‘लिसन’ आणि ‘सर्व्हरनेम’, पुन्हा ८० करा. सेव्ह करा, स्टार्ट दाबा.

इथे एका सल्ल्यापासून सावध करतो. रजिस्ट्रीत जाऊन एचटीटीपी ड्रायव्हरच बंद करायला सांगणारे लोक आहेत. पोर्ट ८० मोकळं होतं, हे खरं. पण विंडोजचं प्रिंट स्पूलर त्या ड्रायव्हरवर अवलंबून असतं. तो बंद केला की छपाईही बंद. तुम्हाला या आठवड्यात प्रोजेक्ट रिपोर्ट छापायचाय, तेव्हा तिकडे जाऊच नका.

कॉलेजच्या लॅबमधलं मशीन असेल तर मात्र आयआयएस बंद करू नका, दुसऱ्या बॅचचं त्यावर काही चालत असेल. तिथे पोर्टच बदला, पण नेटस्टॅटमध्ये मोकळं पाहून. ८०८५ घ्या, उदाहरणार्थ. ६६६६ सारखा लक्षात राहणारा आकडा घेऊ नका, क्रोम काही पोर्ट असुरक्षित समजून उघडतच नाही आणि हा त्यातला एक आहे. आणि पोर्ट एचटीटीपीडी डॉट कॉन्फमध्येच बदला. पॅनेलच्या वरच्या ‘कॉन्फिग’मध्ये ‘सर्व्हिस अँड पोर्ट सेटिंग्ज’ आहे. तिथे आकडा बदलून लोक तासन् तास वाट पाहतात. त्या आकड्याने अपाचेचं पोर्ट बदलत नाही. पॅनेलने कोणतं पोर्ट तपासावं एवढंच त्याने ठरतं.

८० मोकळं करूनही सुरू झालं नाही, तर ४४३ पाहा. अपाचे दोन सीटा मागतं, साध्या पानांसाठी ८० आणि एचटीटीपीएससाठी ४४३, आणि एक जरी मिळाली नाही तरी उठत नाही. ४४३ ची ‘लिसन’ ओळ वेगळ्या फाइलमध्ये असते, एचटीटीपीडी-एसएसएल डॉट कॉन्फमध्ये. जुन्या व्हीएमवेअर वर्कस्टेशनची शेअरिंगची सर्व्हिस ४४३ धरायची, लिनक्सच्या प्रॅक्टिकलसाठी ते टाकलेलं असेल तर तेही तपासा. स्काइप हीच पोर्टं धरतं असा उल्लेख जुन्या उत्तरांत फार सापडेल. तेव्हा ते खरं होतं, पण मे २०२५ मध्ये स्काइप बंदच झालं, त्यामुळे त्या वाटेने जाऊ नका.

पोर्टं सगळी मोकळी असूनही अडलं, तर अपाचेलाच विचारायचं. पॅनेलमधलं ‘शेल’ बटण दाबा. काळी खिडकी उघडेल. तिथे अपाचेच्या बिन फोल्डरात जाऊन एचटीटीपीडी, एक जागा, उणे चिन्ह आणि टी असं इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करून एंटर द्या. कॉन्फिग नीट असेल तर ‘सिंटॅक्स ओके’ येतं. नसेल तर फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक येतो. त्यानंतर उणे टी न लावता नुसतं एचटीटीपीडी चालवा. पॅनेल जे गिळून टाकतं ते इथे समोर येतं. १००४८ आकडा दिसला तर सीट दुसऱ्याने धरली आहे. १००१३ दिसला तर गोष्ट थोडी वेगळी: नेटस्टॅटमध्ये पोर्ट रिकामं दिसूनही विंडोज बसू देत नाही. एसटीत सीट रिकामी असते पण पाठीवर ‘राखीव’ लिहिलेलं असतं, तसं. हायपर-व्ही किंवा डॉकर (आभासी मशीन किंवा कंटेनर चालवणारी साधनं) असलेल्या मशीनवर विंडोज पोर्टांचे काही पट्टे राखून ठेवते. तिथे दुसरं पोर्ट घेणं सगळ्यात सोपं. ‘फुल्ली क्वालिफाइड डोमेन नेम’वरून येणारी एएच००५५८ ही ओळ मात्र नुसती सूचना आहे, तिच्यामागे लागू नका.

‘एरर लॉग’ही पाहा, पण आजच्या वेळेची ओळ आहे का ते आधी बघा. जुनीच ओळ शेवटची असेल तर अपाचे लॉग लिहिण्याइतकंही पुढे गेलेलं नाही. म्हणजे चूक कॉन्फिगमध्ये आहे किंवा व्हिज्युअल सी प्लस प्लसची रनटाइम डीएलएल नाही.

कॉन्फिगमधल्या चुकांपैकी एक आपल्या मंडळींच्या जास्त वाट्याला येते, म्हणून सांगतो. व्हर्च्युअल होस्टच्या (एकाच अपाचेवर अनेक साइट चालवायच्या) फाइलमध्ये मी एकदा वरच मराठीत टीप लिहिली, कोणती साइट कुठे आहे ते लक्षात राहावं म्हणून. नोटपॅडमध्ये यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीने सेव्ह केली आणि अपाचे उठेना. पहिल्याच ओळीत ‘इनव्हॅलिड कमांड’, आणि कमांड म्हणून काही विचित्र चिन्हं. दोष मराठीचा नव्हता. जुनं नोटपॅड यूटीएफ-८ फाइलच्या सुरुवातीला बीओएम नावाची तीन न दिसणारी बाइट्स घालायचं, आणि अपाचे त्यांनाच आदेश समजत होतं. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून नोटपॅड ती आपणहून घालत नाही. तरी नोटपॅड प्लस प्लसमध्ये ‘यूटीएफ-८’ निवडा, ‘यूटीएफ-८ बीओएम’ नको, आणि टिपा खुशाल मराठीत लिहा. वर्डमधून चिकटवलेली वाकडी अवतरण चिन्हंही असाच घोळ करतात, आणि ती डोळ्यांना चटकन दिसत नाहीत.

दुसरी चूक पेन ड्राइव्हवाल्यांची. व्हर्च्युअल होस्टचं ‘डॉक्युमेंट रूट’, म्हणजे साइटच्या फाइलींचं फोल्डर, सापडलं नाही तर अपाचे कुरकुर करून पुढे जातं. पण त्याच होस्टची ‘एरर लॉग’ फाइल ज्या फोल्डरात लिहायची ते फोल्डरच नसेल तर संपूर्ण सर्व्हर अडतो. ई ड्राइव्ह उद्या एफ झाला की हे होतं.

अँटिव्हायरस पुन्हा चालू करा. त्यातल्या फायरवॉलमुळे दुसऱ्या मशीनवरून तुमची साइट दिसणार नाही, पण तुमच्याच मशीनवर अपाचे सुरू होण्याला तिचा अडथळा नसतो.

आणि हे सगळं करण्याआधी बॅकअप घ्या. मायएसक्यूएल हिरवं होतंय ही चांगली गोष्ट आहे. पीएचपीमायअ‍ॅडमिन अपाचेशिवाय उघडणार नाही, पण डेटाबेसची प्रत काढणारं मायएसक्यूएलडम्प शेलमधून चालतं: मायएसक्यूएलडम्प, मग उणे यू, रूट, डेटाबेसचं नाव, ‘पेक्षा मोठे’चं चिन्ह आणि फाइलचं नाव. तयार झालेली फाइल स्वतःलाच ईमेल करा. त्यानंतर मायएसक्यूएल स्टॉप करून संपूर्ण डेटा फोल्डर आणि एचटीडॉक्स पेन ड्राइव्हवर घ्या.

याबद्दल मी इतकं बजावतोय त्याला कारण आहे. गावच्या वाचनालयाच्या पुस्तकांची नोंद मी अशाच एका झॅम्पवर केली होती. एकदा भर कामात वीज गेली, आणि नंतर मायएसक्यूएल उठेना. कुठेतरी वाचून मी आयबीडेटा१ ही फाइल पुसली. मायएसक्यूएल लगेच हिरवं झालं, मला आनंद झाला, आणि प्रत्येक टेबल उघडताना ‘डझंट एक्झिस्ट इन एंजिन’ येऊ लागलं. टेबलांची नावं दिसत होती, आत जाता येत नव्हतं. इनोडीबीचा, म्हणजे टेबलं सांभाळणाऱ्या मायएसक्यूएलच्या एंजिनाचा, सगळा हिशोब त्या एका फाइलमध्ये असतो. रजिस्टरं समोर घेऊन दोघांनी सगळ्या नोंदी पुन्हा भरल्या. म्हणून तुमचं मायएसक्यूएल पुढेमागे अडलं तर आयबीडेटा१ ला हात लावू नका. डेटा फोल्डरमधली एरर फाइल वाचा. आणि लॅपटॉप बंद करण्याआधी पॅनेलमध्ये स्टॉप दाबायची सवय ठेवा.

तुमचं काम मला वाटतं आयआयएस थांबवलं की पाच मिनिटांत होईल. नाही झालं, तर नेटस्टॅटच्या यादीतल्या ८० आणि ४४३ च्या ओळी, आणि शेलमध्ये एचटीटीपीडीने जे छापलं ते जसंच्या तसं इथे द्या. लाल अक्षरांचा फोटो नको, त्यातून काही कळत नाही. आज रात्री मी जागा आहे.