'द काइट रनर'मधला अमीर शेवटी खरंच दोषमुक्त होतो का?

तुम्ही विचारलंय की ही अफगाणिस्तानातली कादंबरी संपली तरी अमीरवरचा राग जात नाही. त्याच्या लहानपणीचा सोबती हसन तर मेलाच, मग हे प्रायश्चित्त कसलं? माझाही राग गेलेला नाही, आणि मी दोनदा वाचलंय. लेखक खालिद होसैनींना तो घालवायचा होता असंही मला वाटत नाही.

आधी अपराध कोणता ते बघू. सगळे बोलतात १९७५च्या हिवाळ्यातल्या काबुलातल्या त्या गल्लीबद्दल. काटलेला निळा पतंग आणायला हसन धावतो, आसेफ नावाचा दांडगट पोरगा त्याला गाठून त्याच्यावर बलात्कार करतो आणि अमीर आडोशाने बघून पळ काढतो. बारा वर्षांचं पोर, घाबरलं. इथवर मी त्याला सोडून देईन. पण पुढे? हसन पूर्वीसारखाच रोज त्याचे कपडे इस्त्री करतोय, न्याहारी मांडून ठेवतोय, आणि अमीरला नेमकं तेच सहन होत नाही. म्हणून तो वाढदिवसाला मिळालेलं घड्याळ आणि पैसे हसनच्या गादीखाली ठेवतो. हे भीतीपोटी नाही, ठरवून. बाबा, म्हणजे अमीरचे वडील, विचारतात, चोरी तू केलीस? हसन 'हो' म्हणतो. चोरीइतकं मोठं पाप नाही असं आयुष्यभर सांगणारे बाबा त्याला तिथल्या तिथे माफ करतात, तरी हसनचा बाप अली मुलाला घेऊन घर सोडतो. गल्लीत अमीर नुसता गप्प राहिला होता. इथे त्याने स्वतःच्या हाताने एका माणसाला घराबाहेर काढलं.

आणि ही मैत्री तरी कुठे सरळ होती? अमीर पश्तून, तिथल्या वरचढ जमातीचा, मालकाचा मुलगा. हसन हजारा, तुच्छ मानल्या जाणाऱ्या जमातीचा, नोकराचा मुलगा. अमीर स्वतःच कबूल करतो की त्याने हसनला कधी मित्र मानलंच नाही. आपल्याकडे 'अगदी घरच्यासारखा' म्हणून वेगळ्या कपात चहा दिला जायचा, तो प्रकार ज्यांनी पाहिलाय त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

आता प्रायश्चित्त. मोठेपणी अमेरिकेत स्थायिक झालेला अमीर हसनच्या अनाथ मुलाला, सोहराबला, सोडवायला काबुलात जातो. बहुतेकांना प्रायश्चित्त तिथल्या मारहाणीत दिसतं. तालिबानमध्ये गेलेला आसेफ अमीरच्या बरगड्या मोडतो, ओठ फाडतो (हसनच्या जन्मजात फाटलेल्या ओठासारखाच), आणि मार खाताना अमीर हसत सुटतो. मला हा भाग सगळ्यात कच्चा वाटतो. नेमका तोच खलनायक पंचवीस वर्षांनी समोर येणं हा हिंदी सिनेमाचा योगायोग झाला. शिवाय हे पंचगव्य घेऊन शुद्ध होण्यासारखं आहे. फटके खाल्ले, हिशेब मिटला. त्या हसण्यात सुटका आहे, पण ती त्याची एकट्याची. सोहराबला त्यातून काय मिळालं?

लेखकालाही ते कळत असावं, कारण हिशेब मिटतच नाही. अनाथाश्रमात परत पाठवणार नाही असा शब्द अमीर सोहराबला देतो आणि इस्लामाबादेत कागदपत्रं अडताच, तात्पुरतं का होईना, तेच सुचवतो. पोरगा न्हाणीघरात मनगट कापून घेतो. पुन्हा विश्वासघात, तोही चांगल्या हेतूने. वाचतो, पण बोलणं टाकतो. अमेरिकेत महिनोन्महिने अमीर आणि त्याची बायको सुरैया एका मुक्या मुलासोबत राहतात. ना माफी, ना कृतज्ञता, ना साधी नजर.

माझ्या मते अमीर बदलला हे कळतं जेवणाच्या टेबलावर. सासरे विचारतात, हा हजारा पोरगा आपल्या घरात का, लोकांना काय सांगायचं? अमीर सांगून टाकतो की हसन माझ्या वडिलांचाच मुलगा, हा माझा पुतण्या, आणि याला पुन्हा माझ्यासमोर 'हजारा पोरगा' म्हणायचं नाही, त्याला नाव आहे. काबुलात मार खाण्यावाचून त्याच्यापुढे फारसा मार्गच नव्हता. इथे मात्र गप्प बसणं अगदी सोयीचं होतं. गल्लीत जे तोंड उघडलं नाही ते इथे, बापाची अब्रू पणाला लावून, उघडलं.

मी नागपूरच्या गच्चीवर थोरल्या भावाची चक्री धरून मोठी झाले. मांज्याने बोटं आमचीही कापायची, पण 'ओ काट!' झालं की नाव त्याचं. त्यामुळे शेवटचं पान मला वेगळं लागलं. कॅलिफोर्नियातल्या फ्रिमाँटच्या बागेत सोहराबच्या हाती दोर येतो, हिरवा पतंग कटतो आणि तो आणायला अमीर धावतो. 'तुझ्यासाठी, हजार वेळा' हे हसनचं वाक्य म्हणत तो हसनच्या जागी जातो, नोकराच्या जागी.

दोषमुक्त? नाही. माफ करू शकणारा काबुलात गोळी खाऊन गेला. सोहराबही हसतो ते ओठाच्या एकाच कोपऱ्यातून. दुसरा कोपरा लेखकाने हलू दिला नाही, म्हणून तर मी आसेफवाला योगायोग त्याला माफ केला.