समोरच्याचे हात मळलेले, म्हणून केस तुमची?

बहुतेक पत्रांत एकच वाक्य फिरून येतं: ‘समोरचा खोटारडा आहे, म्हणजे निकाल माझ्याच बाजूने ना?’ नाही. कोर्टात येणाऱ्याचे हात स्वच्छ हवेत, हे तत्त्व आधी दाद मागणाऱ्याला लागतं. म्हणजे तुम्हाला.

प्रश्न : माझ्यावर मारामारीची जुनी केस आहे. बांधाचा दावा लावता येईल का?

येईल. गैरवर्तन त्याच वादाशी जोडलेलं असेल तरच आड येतं.

प्रश्न : शिक्षकाच्या नोकरीसाठी संस्थाचालकाला १२ लाख दिले. नोकरी नाही, पैसेही नाहीत. कलम ६५ खाली परत मिळतात म्हणे?

कोण म्हणे? करार कायद्याचं कलम ६५ हे करार निरर्थक असल्याचं मागाहून उघड झालं, तर लागतं. नोकरीसाठी पैसे देणं बेकायदा आहे, हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ‘हातउसने दिले’ अशी मागच्या तारखेची पावती करून देणारे कोर्टाच्या आवारातच भेटतील. त्यांच्या नादी लागलात तर एका चुकीच्या दोन होतील. मुळात नोकरीच नव्हती, निव्वळ फसवणूक होती, असं असेल तर बाजू थोडी वेगळी. पण लाच देणाराही गुन्ह्यात अडकू शकतो, म्हणून तक्रार लिहिण्याआधी फौजदारी वकिलाला भेटा.

प्रश्न : १५ वर्षांपूर्वी भावांना नोंदणीकृत हक्कसोडपत्र दिलं. सातबाऱ्यावर नोंद चढलेली नाही. वाटणीच्या दाव्यात ते लिहिलंच नाही तर? तूर्त मनाई (निकालापर्यंत समोरच्याला रोखणारा आदेश) लगेच मिळते असं ऐकलं.

ताई, हे करू नका. नेमकं हेच करणारी माणसं गेली कित्येक वर्षं माझ्यासमोर बसतात, आणि प्रत्येकाला वाटतं की कागद सापडणार नाही. फेरफार झाला नाही म्हणून नोंदणीकृत दस्त नाहीसा होत नाही. निबंधक कार्यालयातून त्याची नक्कल निघते.

चेंगलवराय नायडू विरुद्ध जगन्नाथ या खटल्यात वादीने स्वतःच करून दिलेलं हक्कसोडपत्र दडवून वाटणीचा प्राथमिक हुकूमनामा (हिस्से ठरवणारा कोर्टाचा पहिला निकाल) मिळवला होता. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने ही कोर्टाचीच फसवणूक ठरवली. असा हुकूमनामा निरर्थक असतो, त्याला कुठल्याही टप्प्यावर आव्हान देता येतं. म्हणजे जिंकूनही झोप नाही.

मनाईचंही तसंच. समोरच्याला नोटीस न देता मनाई घेतली आणि महत्त्वाच्या बाबीत जाणूनबुजून खोटं सांगितल्याचं उघड झालं, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९, नियम ४ प्रमाणे ती उठवायची असते. ठेवायची तर न्यायाधीशांना कारणं लिहावी लागतात. ‘आधी स्टे घेऊ, मग बघू’ म्हणणारा वकील फी घेऊन मोकळा होतो, शपथपत्रावर सही तुमची असते.

सही फसवून घेतली होती का? मग तेच उघड लिहा आणि दस्त रद्द करून मागा. फसवणूक कळल्यापासून साधारण तीन वर्षं मुदत असते, म्हणून केव्हा कळलं हे कागदांसह वकिलाला आधी सांगा.

प्रश्न : शेजाऱ्याने बाल्कनी बेकायदा बंद केली. आम्हीही केली आहे. मनाई मिळेल?

कठीण. विशिष्ट अनुतोष कायदा १९६३, कलम ४१ मध्ये वादीचं स्वतःचं वर्तनही पाहिलं जातं. आधी आपली मोकळी करा.

प्रश्न : साठेखतात (पुढे खरेदी करण्याच्या करारात) खरेदीखताची तारीख होती, ती उलटून अडीच वर्षं झाली. उरलेले पैसे दिले नव्हते. आता भाव वाढलेत. पितृपक्ष संपल्यावर वकिलाकडे जाऊ का?

ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांत दावा लागतो, शिवाय तुम्ही सतत पैसे द्यायला तयार होता हे सिद्ध करावं लागतं. भाव चढल्यावर जाग आलेला खरेदीदार कोर्टाला लगेच ओळखू येतो. साठेखत, पावत्या, बँकेचा उतारा घेऊन उद्याच वकील गाठा. पितृपक्षात मुदत थांबत नाही.