पांढरा घातला म्हणजे उजेड पडत नाही
वाचकांचे प्रश्न : व्यक्तिचित्रातले रंग आणि टोन

प्रश्न : वडिलांचं व्यक्तिचित्र तैलरंगात करते आहे. ते शेतकरी, रंग चांगलाच सावळा, डोक्याला पांढरी टोपी. 'फ्लेश टिंट'ची ट्यूब आणली, ती गुलाबी वाटली म्हणून तपकिरी मिसळला. उजेडातल्या गालावर पांढरा घालत गेले तर पीठ फासल्यासारखं दिसतं, सावलीत काळा घातला तर काजळी धरते. कोणते रंग, किती घ्यावेत?
– एक वाचक, कराड

उत्तर : ती ट्यूब बाजूला ठेवा. ती गोऱ्या युरोपीय कातडीच्या बेताने बनवलेली असते; तिला सावळं करता करता निम्मी संपते आणि हाती चिखल येतो. यलो ऑकर, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), कॅडमियम रेड, अल्ट्रामरीन (निळा) आणि टायटॅनियम व्हाइट एवढ्या पाच ट्यूब तुम्हाला चेहऱ्यासाठी पुरतील.

पण रंग काढण्याआधी टोनची, म्हणजे उजळ-गडदपणाची, पट्टी करा. पुठ्ठ्यावर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत नऊ चौकोन रंगवा; १ म्हणजे ट्यूबमधला काळा, ९ म्हणजे पांढरा. (काही पुस्तकं उलटी मोजतात, तेवढं बघून घ्या.) आता करड्या कार्डाला पंचिंग मशीनने दोन भोकं पाडा. वडिलांना खिडकीशेजारी बसवा, एक डोळा मिटा आणि एका भोकातून टोपीची सावलीकडची बाजू, दुसऱ्यातून उजेडातला गाल दिसेल असं कार्ड पुढेमागे करा. भोवतालचं झाकलं गेलं की कळतं, दोन्ही जवळजवळ एकाच टोनचे आहेत, पाचच्या आसपास. टोपी पांढरी आहे हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं, म्हणून हात तिच्या सावलीतही आठ-नऊ लावतो. मग टोपीपुढे गाल काळपट वाटू लागतो, त्यात पांढरा पडतो, आणि पीठ होतं. दोष गालाच्या रंगात नसतो, टोपीच्या सावलीत असतो.

खिडकीच्या उजेडातल्या अशा चेहऱ्याचे टोन साधारण असे निघतात : उजेडाची बाजू ५, हाफटोन (उजेड आणि सावली यांच्या मधला भाग) ४, सावली २ ते ३, कपाळावरचा-नाकावरचा हायलाइट (चमकणारा ठिपका) ७. टोपी उजेडात ८, सावलीत ५. म्हणजे अख्खा चेहरा, हायलाइट सोडला तर, पट्टीच्या खालच्या अर्ध्यात बसतो. हे एकदा मान्य केलं की निम्मं काम झालं.

रंगाचे गोळे पॅलेट नाइफने करा, ब्रशने नको. हाफटोनसाठी ऑकर दोन भाग, बर्न्ट सिएना दोन भाग, पांढरा अर्धा भाग आणि नाइफच्या टोकावर राहील एवढा अल्ट्रामरीन. उजेडासाठी याच गोळ्याचा अर्धा घ्या, त्यात ऑकर एक भाग, पांढरा अर्धा भाग आणि कॅडमियम रेडचा ठिपका. सावलीसाठी बर्न्ट सिएना दोन भाग, अल्ट्रामरीन एक भाग. पांढरा अजिबात नाही. कंपनीगणिक रंगाचा जोर बदलतो, म्हणून प्रमाण ही सुरुवात समजा. प्रत्येक गोळ्याचा एक थेंब पट्टीवरच्या त्याच्या चौकोनावर लावा आणि डोळे किलकिले करून बघा. थेंबाची कड चौकोनात विरघळली तर टोन बरोबर. रंग वेगळा दिसला तरी हरकत नाही, कड दिसता कामा नये.

पीठ होण्यामागे दुसरंही कारण आहे. टायटॅनियम व्हाइट रंग उजळतो तसा थंड आणि मिळमिळीतही करतो. म्हणून उजळवताना आधी ऑकर, मग पांढरा, आणि गेलेली ऊब भरायला लालचा ठिपका. काजळीचं कारण याच्या उलट दिशेचं : काळ्यात पांढरा मिसळला की निळसर राखाडी होतो. सावलीत काळा घातलात, फार गडद झाला म्हणून थोडा पांढरा घातलात, की सावली मेली. काळा स्वतः गुन्हेगार नाही. स्वीडनचा चित्रकार आंडर्स झॉर्न (१८६०–१९२०) ऑकर, शेंदरी लाल, काळा आणि पांढरा एवढ्याच रंगांच्या पॅलेटसाठी ओळखला जातो. त्यात निळ्याचं काम काळाच करतो.

आता कातडीतले फरक. कपाळ पिवळटकडे, गाल-नाक-कान लालसरकडे, हनुवटी आणि दाढीचा भाग करड्या-निळसरकडे झुकतो. सावळ्या चेहऱ्यावर हे फरक बारीक असतात, पण असतात. शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर आणखी एक गोष्ट : टोपी जरा मागे सरकवायला सांगा. टोपीखालच्या कपाळाला ऊन लागलेलं नसतं, ती पट्टी गालापेक्षा जवळपास एक टोन उजळ निघते. ती नेमकी आली की चेहरा तुमच्या वडिलांचा वाटायला लागेल. हायलाइट अगदी शेवटी, लहान, आणि गालाच्या रंगापेक्षा थंड; खिडकीतलं आभाळच तिथे चमकत असतं, म्हणून उजेडाच्या गोळ्यात पांढरा आणि अल्ट्रामरीनचा कण. सदऱ्याचा उजेड हनुवटीखाली परततो, तो ३ च्या वर नेऊ नका, नाहीतर जबडा फुगतो. डोळ्यांतला पांढरा भागही ट्यूबमधला पांढरा नसतो. सावलीकडच्या डोळ्यात तो ३-४ पर्यंत उतरतो.

कोऱ्या पांढऱ्या कॅनव्हासवर सुरुवात करू नका. तिथे लावलेला प्रत्येक रंग गडदच वाटतो. बर्न्ट अंबर टरपेंटाइनमध्ये पातळ करून फासा, चिंधीने पुसा, सुकू द्या. त्यावर आधी सावल्या पातळ, मग टोपीचा उजेड, मग मधले टोन. उजेड जाड रंगात.

प्रश्न : १९४०च्या सुमाराच्या कृष्णधवल फोटोवरून आजी-आजोबांचं रंगीत चित्र करायचं आहे. आजीचं कुंकू आणि ओठ फोटोत जवळजवळ काळे आहेत. साडीचा रंग कसा ओळखावा?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : त्या काळच्या बऱ्याच फिल्मा ऑर्थोक्रोमॅटिक असत, त्यांना लाल रंग दिसतच नसे. लाल वस्तू काळपट यायची, निळी फिकट. कुंकू केसांइतकं काळं दिसत असेल तर तुमचा फोटो त्या जातीचा असावा असं धरून चाला. मग कातडीही खऱ्यापेक्षा गडद आली असणार, कारण आपल्या कातडीत लाल भरपूर. ओठ आणि कातडी एकेक टोन वर घ्या, केस आणि पांढरे कपडे फोटोप्रमाणेच ठेवा. कुंकवाला ३-४ पुरे.

साडीचा रंग फोटोवरून ठरत नाही. फिकट दिसणारी साडी निळी असू शकते, काळी दिसणारी लाल. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, नाहीतर ट्रंकेत साडीच सापडेल.

आणखी एक फसगत गालांची. स्टुडिओवाले निगेटिव्हवर पेन्सिलने रिटच करून सुरकुत्या घालवत. फोटोतला सपाट गाल तसाच उतरवलात तर बाहुली होते. आजीच्या लेकीबाळींपैकी कुणाचा चेहरा त्याच बाजूच्या उजेडात बसवून गालाची घडण बघा. पिवळ्या पडलेल्या फोटोतला काळाही उडालेला असतो, म्हणून त्यातला सगळ्यात गडद भाग १ धरून बाकीचे टोन त्याच्याशी ताडून लावा.

पद्धत : अंबर आणि पांढऱ्यात अख्खं चित्र एकरंगी करून घ्या. अंबर लवकर वाळतो. तरी बोट चिकटेनासं होईपर्यंत थांबा. मग वरून जवसाच्या तेलात पातळ केलेले पारदर्शक रंग. वरच्या थरात खालच्यापेक्षा तेल जास्त हवं. उलट झालं तर पुढे तडे जातात.

प्रश्न : पुस्तकं सांगतात की उत्तरेच्या खिडकीचा उजेड दिवसभर एकसारखा. आमच्याकडे उन्हाळ्यात तिथूनच ऊन येतं. चूक कुणाची?
– एक वाचक, सांगली

उत्तर : पुस्तकं युरोपातली. सांगली १७ अक्षांशाच्या आसपास आहे. साधारण मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भरदुपारी सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. ते ऊन छज्जा अडवतो. त्रास देतं ते सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन. त्या दिवसांत बैठका दहा ते तीन ठेवा आणि खिडकीला धुतलेला पांढरा मांजरपाट ताणून लावा. रंगीत पडदा नको. समोरची भिंत पोपटी असेल तर गालाची सावलीही पोपटी होते, तिथे जुनी चादर टांगा.

दिवा वापरायचाच तर ५००० केल्विनच्या (उजेडाच्या रंगाचं माप) आसपासचा, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वरचा एलईडी घ्या. कॅनव्हासवर मात्र झगझगीत उजेड नको. त्या उजेडात बरोबर वाटलेलं चित्र दिवाणखान्यात टांगलं की अंधारलेलं दिसतं.

प्रश्न : जलरंगात चेहरा ओला असताना ठीक दिसतो, वाळला की फिका. का?
– एक वाचक, वाई

उत्तर : पाणी उडालं की जलरंग साधारण एक टोन फिका होतोच. (ॲक्रिलिकचं उलटं, तो वाळला की गडद होतो.) त्याच कागदाच्या कापलेल्या पट्टीवर वाळवून बघा आणि एक पायरी गडद लावा. सावली पाचसहा पातळ हातांत चढवत बसलात तर खालचा रंग उठून चिखल होतो. दोन, फार तर तीन हातांत उरका. जलरंगात खोल अंधार येत नाही असं वाटत असेल तर मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं सावळाराम हळदणकरांचं दिवा धरलेल्या स्त्रीचं चित्र आठवा. ते जलरंगातलं आहे.

प्रश्न : जवळपास मूळ तैलचित्रं कुठे बघायला मिळतील?
– एक वाचक, कोरेगाव

उत्तर : सातारा जिल्ह्यातल्या औंधला. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेल्या श्रीभवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत. टोनची पट्टी खिशात न्या. आठ फुटांवरून डोळे किलकिले करून आधी चेहऱ्याची सावली कितव्या टोनची आहे ते ठरवा, मग जवळ जाऊन तिथे रंग किती पातळ लावलाय ते बघा.