कमी वापराचा ब्राउझर अधिक सुरक्षित असतो का?

प्रश्न : माझ्या भाच्याने माझ्या लॅपटॉपवर क्रोमऐवजी फारसा प्रचलित नसलेला एक ब्राउझर बसवून दिला आहे. मोजकेच लोक तो वापरत असल्याने हॅकर त्याच्या वाटेला जात नाहीत, असे तो सांगतो. त्यावर बँकेचे व्यवहार करावेत का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या भाच्याचे म्हणणे निराधार नाही, जिथे सावज अधिक, तिथेच जाळे टाकले जाते. परंतु ब्राउझरचे नाव निराळे असले, तरी आतले इंजिन, म्हणजे वेबपाने वाचून पडद्यावर मांडणारा भाग, निराळे असतेच असे नाही. ब्रेव्ह, विवाल्डी आणि ऑपेरा हे तिन्ही क्रोमच्याच क्रोमियम या पायावर उभे आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी प्रकारची चित्रे दाखवणाऱ्या सामायिक कोडमध्ये एक गंभीर त्रुटी सापडली आणि दुरुस्ती येण्यापूर्वीच तिचा गैरवापर सुरू झालेला होता. गूगलने ११ तारखेला क्रोमची दुरुस्ती दिली; फायरफॉक्सचे इंजिन वेगळे असूनही तोच कोड त्यातही असल्यामुळे त्याच्या निर्मात्या मोझिलाला दुसऱ्या दिवशी ती द्यावी लागली.

मला काळजी वाटते ती एका ब्राउझरची दुरुस्ती येणे आणि दुसऱ्याची येणे यांतल्या याच अंतराची. क्रोमियमचा कोड खुला असल्याने दुरुस्ती प्रसिद्ध होताच मूळ भोक कुठे होते हे हल्लेखोरालाही वाचता येते. म्हणून तीच दुरुस्ती आपल्या ब्राउझरमध्ये आणायला एखाद्या लहान चमूला जितके दिवस लागतील, तितके दिवस त्याचे वापरकर्ते उघड्यावर असतात. क्रोमने ऑगस्ट २०२३ पासून दर आठवड्याला सुरक्षा-अपडेट देणे सुरू केले, ते हे अंतर कमी करण्यासाठीच.

जुन्या फायरफॉक्सपासून वेगळा झालेला पेल मून मात्र खरोखरच निराळ्या इंजिनावर चालतो. त्याचे निर्माते निष्ठेने दुरुस्त्या देतात, पण वेबपानाला उर्वरित संगणकापासून वेगळे कोंडून ठेवणारी, क्रोममध्ये असते तशी सँडबॉक्सची भिंत त्यात नाही. शिवाय जुलै २०१९ मध्ये असे उघड झाले, की त्याच्या जुन्या आवृत्त्या ठेवलेल्या सर्व्हरवर शिरून कोणीतरी तेथील फाइलींत मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, मिसळले होते. चालू आवृत्ती त्यातून सुटली होती.

आपल्या ब्राउझरच्या 'अबाउट' पानावर आवृत्तीचा क्रमांक असतो. ती कधी आली हे त्याच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहावे. महिनाभरात एकही अपडेट आलेले नसेल, तर त्यावर बँकेचे पान उघडू नये. नियमित अपडेट येत असतील, तर वाचनासाठी तो खुशाल वापरावा आणि बँकेसाठी अद्ययावत क्रोम किंवा फायरफॉक्स वेगळा ठेवावा. लॅपटॉपवर विंडोज ७ असेल, तर क्रोमची १०९ ही त्यासाठीची शेवटची आवृत्ती होती. अशा वेळी आधी विंडोज बदलणे भाग आहे.