बीपीचा खरा आकडा कोणता?

प्रश्न : वय ५२. दवाखान्यात बीपी १५२/९४ निघालं. घरी वरचा आकडा कधी १२८, कधी १४५ येतो. मशीन बिघडलंय की मीच?

उत्तर : बहुधा दोघंही नाही. बीपी दिवसभर खाली-वर होतंच, त्यात मोजण्यातल्या चुकांची भर पडते. मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी, तंबाखू, व्यायाम टाळा आणि लघवीला जाऊन या. मग पाठ टेकून, पावलं जमिनीला लावून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं बसा. मोजताना बोलू नका. हात टेबलावर असा ठेवा की पट्टा हृदयाच्या पातळीला येईल. पट्टा तिथून १० सेंमी खाली राहिला तरी आकडा ७-८ ने वाढतो. तो फक्त रक्ताच्या वजनाचा दाब असतो.

सगळ्यात जास्त फसवतो तो पट्टाच. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर टेपने मोजा. पट्ट्यावर २२ ते ३२ सेंमी छापलं असेल आणि दंड ३६ भरत असेल, तर आकडा फुगलेलाच येणार. मोठा पट्टा घ्या. बाही वर गुंडाळून दंड आवळू नका, हात बाहेर काढा.

असं सात दिवस सकाळ-संध्याकाळ, मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. पहिला दिवस सोडून उरलेल्या २४ नोंदींची सरासरी काढा. एखादा आकडा चढा दिसला म्हणून लागोपाठ दहा वेळा मोजत बसू नका, धास्तीनेही बीपी चढतं. घरची सरासरी १३५/८५ किंवा जास्त असेल, तर ती दवाखान्यातल्या १४०/९०च्या बरोबरीची समजतात.

वही डॉक्टरांना दाखवा. गोळीचा निर्णय एकट्या आकड्यावर नसतो. मधुमेह, सिगारेट, कोलेस्टेरॉल, किडनी हेही धरावं लागतं. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या घेत असाल तर तेही सांगा, त्यांनी बीपी वाढू शकतं.

१८०/१२०च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोबडी वळणं किंवा एका बाजूची ताकद जाणं असेल, तर पुन्हा मोजायला थांबू नका, थेट रुग्णालय गाठा.

प्रश्न : गोळीने बीपी १२४/७८ झालं. आता बंद करू?

उत्तर : स्वतःहून नको. ते गोळीमुळेच उतरलंय. वजन, मीठ खरंच कमी झालं असेल तर डोस कमी करता येईल का, हे डॉक्टरांना विचारा.